‘गरज पडली तरच शब्द वापरा’ हे असिसीच्या फ्रान्सिस यांचे वचन नव्हे

“सदैव शुभवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा,” हे वाक्य तेराव्या शतकातील इटालियन संन्यासी आणि फ्रान्सिस्कन संघाचे संस्थापक, असिसीचे संत फ्रान्सिस यांच्या नावावर वर्षानुवर्षे सांगितले जाते, आणि श्रद्धेविषयी कोणी विचारले असता मौन पाळण्याचे समर्थनही त्यावरून केले जाते. त्यांच्या लेखनात किंवा सुरुवातीच्या चरित्रांत मात्र ते आढळत नाही.

बंधूंनी, म्हणजे आपल्या संघातील संन्याशांनी, कृतीतून उपदेश करावा, असे संघाच्या 1221 च्या नियमावलीत ते जरूर म्हणतात. परंतु मुसलमानांमध्ये राहणाऱ्या बंधूंनी वादविवाद टाळून, सर्वांच्या अधीन राहून, आपण ख्रिस्ती असल्याचे सांगावे आणि देवाची इच्छा दिसल्यास त्याचे वचन उघडपणे घोषित करावे, असेही तेथेच लिहिले आहे. स्वतः फ्रान्सिस 1219 मध्ये, धर्मयुद्ध चालू असताना, इजिप्तच्या सुलतानाला निःशस्त्र भेटले होते.

जुने गोवे येथे से कॅथेड्रलच्या शेजारी त्यांच्या नावाचे चर्च आहे. समोरच्या बॅसिलिकेत ज्यांचे अवशेष आहेत ते फ्रान्सिस झेवियर निराळे.

1560 मध्ये येथे सुरू झालेल्या इन्क्विझिशनची, म्हणजे श्रद्धेवरून लोकांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, स्मृती पाहता गोव्यातील ख्रिस्ती माणसाचा संकोच मला समजतो. तथापि बायबलमधील पेत्राचे पहिले पत्र (3:15) आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर देण्यास सिद्ध राहा, असे सांगते. त्यात सक्तीला जागाच नाही. खुरसापुढे (क्रुसापुढे) मेणबत्ती का लावता, असे शेजारच्या हिंदू घरातून कोणी विचारले, तर त्याला प्रामाणिक उत्तर मिळाले पाहिजे.