उपाशी पोटी म्हणजे चहासुद्धा नाही

रक्ततपासणीचा रिपोर्ट मिळाला की आमच्या लॅबला हमखास फोन येतो: "आकडा ठळक अक्षरात आलाय, काही गंभीर आहे का?" बहुतेक वेळा नसते.

रिपोर्टच्या शेवटच्या रकान्यातली रेंज बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांवरूनच काढलेली असते. शंभर निरोगी माणसांतल्या मधल्या ९५ जणांचे आकडे जिथे बसतात, ती रेंज. उरलेले पाच जण धडधाकट असूनही तिच्या बाहेर जातात. वीस-पंचवीस तपासण्यांच्या प्रोफाइलमध्ये एखादा आकडा काठाबाहेर जाणे त्यामुळे नेहमीचेच. पुरुषांचे हिमोग्लोबिन साधारण १३ ते १७, स्त्रियांचे १२ ते १५. प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. पांढऱ्या पेशी ४,००० ते ११,०००. मशीन आणि पद्धत बदलली की काठ थोडे सरकतात, म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या रेंजशी ताडून पाहू नका.

साखरेचे मात्र तसे नाही. तिथले आकडे मधुमेहाच्या निदानासाठी ठरवलेले आहेत. उपाशी पोटी १०० च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त आले तर पुन्हा तपासून मधुमेह. उंबरठा इतका अरुंद असल्यामुळेच आमचा सगळ्यात जास्त वेळ एका गोष्टीत जातो, ती म्हणजे सकाळचा चहा. "अर्धाच कप घेतलाय, बिस्कीट नाही खाल्लं," असे काउंटरवर रोज ऐकतो. त्या अर्ध्या कपात दूध असते, चमचा-दीड चमचा साखर असते. एरवी ९४ येणारी साखर तेवढ्याने शंभरी ओलांडू शकते, आणि मग नसलेल्या आजाराची काळजी घरभर. बिनसाखरेचा चहासुद्धा नको. साधे पाणी भरपूर प्या. शीर सापडायला सोपी जाते.

चहा झाला असेल तर आम्ही फास्टिंगचा नमुना घेत नाही, दुसऱ्या दिवशी बोलावतो. काहींना राग येतो, पण चुकीच्या नमुन्याचे पैसे घेऊन छापील आकडा हातात देणे आम्हाला पटत नाही. एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि थायरॉईडला उपास लागत नाही. ते त्याच दिवशी होतात, त्यामुळे खेप वाया जात नाही. थायरॉईडची गोळी मात्र नमुना दिल्यावरच घ्या, आणि केस-नखांसाठी बायोटिन चालू असेल तर आधी सांगा, त्याने थायरॉईडचे आकडे फसवे येऊ शकतात.

जेवणानंतरच्या साखरेचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. घास घेतानाच घड्याळ बघून वेळ चिठ्ठीवर लिहा. तीन तासांनी आलात तर साखर उतरलेली असते आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो.

रविवारी रात्री मटण आणि तांबडा-पांढरा, सोमवारी सकाळी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, असे आपल्याकडे सर्रास होते. त्यातले ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, १५० च्या आत हवे. आदल्या रात्रीच्या कटाने ते चढलेले दिसू शकते, मटणाने क्रिएटिनिनही (किडनीचे काम दाखवणारा आकडा) थोडे वाढते. आदल्या रात्री साधे जेवण आणि मग १० ते १२ तास उपास. तालमीत जाणाऱ्यांनी दोन-तीन दिवस जोर-बैठका थांबवाव्यात. जोरदार मेहनतीनंतर सीपीके (स्नायूंतले एन्झाइम) आणि एसजीओटी (लिव्हर आणि स्नायू दोन्हींतले एन्झाइम) वाढतात, आणि वाढलेले एसजीओटी पाहून उगाच लिव्हरची शंका येते.

रक्त देताना मूठ सारखी उघड-मीट करू नका, पोटॅशियम वाढून येते. नमुन्यातल्या पेशी साखर खात राहतात, तासाला पाच ते सात टक्के. म्हणून साखरेचे रक्त आम्ही फ्लोराइडच्या राखाडी टोपणाच्या नळीत घेतो. घरून नमुना नेण्याची सोय सकाळी लवकर असते. चहाची वेळ व्हायच्या आत काम उरकते. वयस्कर मंडळींसाठी आदल्या संध्याकाळी फोन करून ठेवा.

येताना जुने रिपोर्ट आणा. मागच्या वर्षी क्रिएटिनिन ०.८ होते आणि यंदा १.२ आले, तर दोन्ही आकडे रेंजमध्ये असूनही डॉक्टरांना दाखवायला हवेत. आकडा धोक्याचा असेल तर छापायची वाट न बघता आम्हीच तुम्हाला आणि तुमच्या डॉक्टरांना फोन करतो, त्यासाठी चालू मोबाइल नंबर फॉर्मवर नीट लिहा.