सुताला मानवणारी हवा आणि गिरणी कामगाराचा घाम

मुंबईचं तापमान ३४ पण जाणवतंय ४२, अशी बातमी दर उन्हाळ्यात येते आणि मला दर वेळी गिरण्या आठवतात, कारण हा सगळा हवेतल्या बाष्पाचा खेळ आहे आणि कापडगिरणीत ते बाष्प मुद्दाम वाढवायचे.

का ते घरी करून बघा. सुती दोरा घ्या, पॉलिस्टरचा नको, आणि हाताने तोडा. मग तसलाच तुकडा भिजवून तोडा, ओला जास्त दम धरतो. कापूस म्हणजे सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्या, पाण्याचे रेणू त्यांच्यामध्ये शिरले की त्या जराशा सैल पडतात आणि ताण एका जागी न येता सगळीकडे वाटला जातो. सुक्या हवेत धागा कडक होतो, वर घर्षणाची स्थिर वीज, तंतू विस्कटतात, धागा तुटतो आणि माग थांबतो. म्हणून इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये, तिथल्या कापडगिरण्यांच्या भागात, विणाई खात्यात चक्क वाफ सोडायचे.

आता त्याच खात्यात उभा असलेला माणूस बघा. १ ग्रॅम घाम सुकताना अंगातली साधारण २४०० जूल उष्णता घेऊन जातो, पण सुकला तर! नुसता ओघळला तर काहीच उपयोग नाही, आणि बाष्पाने भरलेल्या हवेत तो ओघळतोच. (खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात, पण कांद्याने घाम सुकत नाही हो, पाणी प्या, सावलीत बसा.) त्यात राबणारं शरीर स्वतःच उष्णता तयार करत असतं, हात थांबले तरच ती कमी होते.

इंग्लंडमध्ये १८८९ ला कायदा झाला, खात्यात दोन थर्मामीटर, एक कोरडा आणि एकाला ओलं फडकं, दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेत बाष्प किती ते कळतं आणि त्यावरून वाफेची मर्यादा. आपल्याकडे १८८१ चा कारखाने कायदा होता, ७ वर्षांखालच्या मुलांना बंदी आणि ७ ते १२ च्या पोरांना दिवसाला ९ तास, मोठ्यांच्या तासांबद्दल त्यात अक्षर नाही. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ ला मुंबईच्या कामगारांची सभा घेऊन मागण्या मांडल्या, त्यात दुपारी अर्धा तास विश्रांती आणि रविवारची सुट्टी होती, म्हणजे अंग निवायला लागतो तेवढाच वेळ मागितला होता. त्यातली सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला.