व्हॅल्यू बरोबर आली म्हणून कपॅसिटर चांगला ठरत नाही

"कपॅसिटर तपासले, सगळे ओके आहेत." होम थिएटर किंवा अँप्लिफायर उघडून बसलेले नवशिके हे हमखास सांगतात. कशावर तपासले, तर मल्टिमीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर. मग दोष दुसरीकडे शोधत चांगले आयसी उपटले जातात. ते बघवत नाही, म्हणून हे लिहितोय.

कपॅसिटन्स तुम्हाला माहीत आहे: चार्ज किती साठतो ते. इलेक्ट्रोलायटिकमध्ये (आत ओलसर रसायन असलेल्या डबीसारख्या कपॅसिटरमध्ये) वीस टक्के इकडेतिकडे सहसा चालतं. १००० मायक्रोफॅरडच्या जागी ८७० दिसले तर घाबरू नका.

ईएसआर (इक्विव्हॅलंट सिरीज रेझिस्टन्स) म्हणजे त्याच कपॅसिटरच्या पोटातला रेझिस्टन्स. आतला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे ते ओलसर रसायन, उष्णतेने वाळला की हा रेझिस्टन्स वाढतो, आणि पुष्कळदा कपॅसिटन्स घसरण्याआधीच वाढतो. मल्टिमीटर फसतो तो इथे. एसएमपीएसच्या (स्विचिंगवर चालणाऱ्या पॉवर सप्लायच्या) आउटपुटचा १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर घ्या. नव्याचा ईएसआर ०.१ ओहमच्या आसपास. वाळून तो २ ओहम झाला असं धरू. मल्टिमीटर त्याला सावकाश चार्ज करतो आणि वेळ बघतो. २ ओहममुळे पडणारा फरक २ मिलिसेकंदांच्या घरातला, म्हणून आकडा ९४० येतो आणि तुम्ही खूश. सर्किटमध्ये मात्र तोच कपॅसिटर सेकंदाला हजारो वेळा भरतो-रिकामा होतो. १ अँपिअरचा रिपल करंट (या भरण्या-रिकामं होण्याचा करंट) २ ओहममधून गेला की सप्लायवर २ व्होल्टचा चढउतार आलाच. शिवाय कपॅसिटर तापतो आणि आणखी वाळतो. आवाज वाढवला की सेट बंद पडतो, तो अशाने. ईएसआर मीटर साधारण १०० किलोहर्ट्झवर मोजतो, म्हणून त्याला हे दिसतं.

"ईएसआर किती असावा?" याला एकच आकडा सांगणाऱ्यांचं ऐकू नका. १० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टच्या छोट्या कपॅसिटरला १-२ ओहम अगदी ठीक. हजारवाल्याला तेवढा आला तर तो फेकायचा. त्याच व्हॅल्यूचा, त्याच व्होल्टेजचा नवा कपॅसिटर शेजारी धरून मोजा. यापेक्षा खात्रीची पद्धत नवशिक्याला नाही.

आणि ईएसआर मीटरवरही आंधळा विश्वास नको. शॉर्ट झालेला कपॅसिटर त्यावर एकदम झकास दिसतो, म्हणून ओहम रेंजवरही बघा. उलट, लीक होणारा कपॅसिटर साध्या मीटरवर छापल्यापेक्षा बराच जास्त मायक्रोफॅरड दाखवतो. तो आकडा बघून हुरळून जाऊ नका. जुना ट्रान्सफॉर्मरवाला अँप्लिफायर १०० हर्ट्झची घरघर करत असेल, तर मात्र मोठ्या फिल्टर कपॅसिटरचा कपॅसिटन्सच आधी मोजा. फिल्म कपॅसिटरच्या (प्लास्टिकच्या पातळ थराच्या, आत इलेक्ट्रोलाइट नसलेल्या) ईएसआरमागे लागूच नका.

ईएसआर बोर्डावरच मोजता येतो, कारण ईएसआर मीटर अगदी कमी व्होल्टेज देतो, त्याने शेजारचे डायोड-ट्रान्झिस्टर चालू होत नाहीत. कपॅसिटन्ससाठी निदान एक पाय सोडवा. बुडाशी तपकिरी डाग दिसला की "लीक झालाय" म्हणायची घाई करू नका. पुष्कळदा तो कारखान्यात लावलेला गोंद असतो. आणि न मोजता सरसकट सगळे कपॅसिटर बदलणं मला अजिबात पटत नाही, त्यात बोर्डावरचे ट्रॅक उखडतात.

मोजण्याआधी प्लग काढा. एसएमपीएसच्या मुख्य कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट उरलेले असू शकतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय सोडा, २.२ किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करा आणि व्होल्टेज शून्य झालंय ना, ते डीसी रेंजवर बघा. भरलेला कपॅसिटर लावलात तर मीटर गेलाच समजा.