बारा मुद्दे आणि घरातली चटई

वसई-उत्तनकडच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी रोझरीची माळ म्हणायला बसतात तेव्हा चपला दाराबाहेर असतात. चटई अंथरलेली, म्हातारी माणसं मांडी घालून, पोरं अर्धी झोपेत. याला कधी कुणाची परवानगी लागली नाही. चर्चमध्ये तसंच बसायचं तर मात्र १९६९ साली रोमचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्यालयाचं, पत्र यावं लागलं.

देशी वळण तसं जुनंच. गोव्यात रायतूरला १६१६ साली ख्रिस्तचरित्र सुमारे ११,००० ओव्यांत छापलं गेलं; पुढे नगरकडे ख्रिस्ती अभंग आणि कीर्तनं रुळली. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, इथे एवढं पुरे.

खरा बदल १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन महासभेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, घडवला. लॅटिनची सक्ती सैल झाली, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली. महासभेच्या १९६४ च्या दस्तऐवजाने तर सांगितलं की पावित्र्य ही फादर-सिस्टरांची मिरास नाही. संसारी, कष्टकरी, आजारी अशा सगळ्यांना ते आपापल्या रोजच्या जगण्यातच साधायचं आहे.

यातूनच पुढे एप्रिल १९६९ मध्ये भारतातल्या मिस्सेत देशी रीतींना परवानगी देणारे ते गाजलेले 'बारा मुद्दे' रोमने मंजूर केले. जमिनीवर बसणं, पादत्राणं काढणं, पंचांग प्रणाम, वेदीवर थाळी, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, पवित्र वस्तूंच्या चुंबनाऐवजी त्यांना बोटांनी स्पर्श करून हात कपाळाला लावणं, फादरच्या खांद्यावर अंगवस्त्र, शांतीच्या खुणेला नमस्कार, फुलं-धूप-दिव्याची आरती. सक्ती कसलीच नव्हती, पण भडका उडायचा तो उडाला. एका बाजूने 'हे हिंदूकरण आहे' अशी ओरड झाली. पुढे दलित ख्रिश्चनांकडून प्रश्न आला, तो जास्त बोचरा होता: भारतीय म्हणजे नेमकी कुणाची संस्कृती? पंचांग प्रणाम आणि अंगवस्त्र आमच्या वस्तीत कधी होतं? पहिल्या आक्षेपाला उत्तरं भरपूर मिळाली, दुसऱ्याला थोडीच. दरम्यान, मिस्सेत बायबलखेरीज इतर धर्मग्रंथांतून वाचन करण्याला रोमने १९७५ मध्ये मनाई केली.

गंमत म्हणजे आगेरा या सुगीच्या सणाच्या वाट्याला असा वाद आला नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चला न्यायच्या, फादरने आशीर्वाद द्यायचा. ईस्ट इंडियनांची, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजाची, ही रीत शेतातून आली, कागदावरून नाही. आता मुंबईत बहुतेक ठिकाणी शेतं उरली नाहीत, तरी लोंब्या कुठून तरी आणतातच.

२०२० च्या टाळेबंदीत चर्च बंद झाली आणि मिस्सा मोबाइलवर आली. मोबाइल टेकवला होता घरच्या वेदीपाशी, मेणबत्तीशेजारी. माणसं समोर चटईवर बसली होती, अनवाणी. बारा मुद्द्यांची तेव्हा कुणाला आठवणही झाली नाही.