मॅक्रोफेजची एम१-एम२ विभागणी : पार्श्वभूमी

नाशिकच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याची वही उघडली, तरी तिच्यात मॅक्रोफेजचा, म्हणजे जंतू आणि मृत पेशी गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचा, दोन रकान्यांचा तक्ता सापडण्याची शक्यता बरीच आहे : एम१ मॅक्रोफेज दाह (इन्फ्लमेशन) वाढवतात, एम२ तो शमवतात. हा तक्ता परीक्षेला सोयीचा आहे. त्यामागचा इतिहास मात्र इतका सरळ नाही.

एका जंतूचा संसर्ग झालेल्या उंदराचे मॅक्रोफेज दुसऱ्याच जंतूलाही अधिक जोमाने मारतात, हे १९६० च्या दशकात दिसले आणि त्या अवस्थेला सक्रियन म्हटले गेले. १९८३ मध्ये त्यामागचा मुख्य संदेशवाहक इंटरफेरॉन-गॅमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी स्रवतात तो रेणू असल्याचे कळले. १९९२ मध्ये लिम्फोसाइटच्याच इंटरल्यूकिन-४ या दुसऱ्या संदेशवाहकामुळे मॅक्रोफेज निष्क्रिय न होता वेगळ्या प्रकारे सक्रिय होतात असे मांडले गेले, आणि 'पर्यायी सक्रियन' ही संज्ञा रुळली.

खरा गुंता २००० साली सुरू झाला. उंदरांच्या दोन वाणांमधील मॅक्रोफेज आर्जिनिन हे अमिनो आम्ल निरनिराळ्या मार्गांनी वापरतात, असे तेव्हा दाखवले गेले : एका वाणात त्यापासून जंतुनाशक, पण स्वतःच्या ऊतींनाही इजा करणारा नायट्रिक ऑक्साइड बनतो, तर दुसऱ्यात पेशींच्या वाढीला आणि कोलॅजेन या ऊतींना आधार देणाऱ्या प्रथिनाला कच्चा माल पुरवणारे ऑर्निथिन. एम१ आणि एम२ ही नावे या फरकाला दिली होती, आणि हा फरक लिम्फोसाइट नसलेल्या उंदरांतही दिसत होता. पुढे मात्र लिम्फोसाइटच्या संदेशांवर आधारलेली जुनी विभागणी (इंटरफेरॉन-गॅमाने होणारे सक्रियन आणि इंटरल्यूकिन-४ ने होणारे पर्यायी सक्रियन) याच नावांखाली घातली गेली. हे एकत्रीकरण सोयीपोटी झाले आणि ते महागात पडले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. २००४ मध्ये एम२ चे अ, ब, क असे उपप्रकार पाडले गेले; त्यांतील 'ब' प्रकार दाहशामक इंटरल्यूकिन-१० भरपूर स्रवत असतानाच टीएनएफसारखे दाहकारक रेणूही स्रवतो, म्हणजे रकान्याचे शीर्षकच तिथे लागू पडत नाही. शिवाय नायट्रिक ऑक्साइड आणि आर्जिनेज (आर्जिनिनपासून ऑर्निथिन बनवणारे विकर) या उंदरांतील खुणा मानवी मॅक्रोफेजमध्ये भरवशाच्या ठरत नाहीत.

त्यामुळे २०१४ मध्ये पेशीच्या नावापुढे ज्याने ती सक्रिय केली त्या उद्दीपकाचेच नाव लिहावे, असा प्रस्ताव आला. दरम्यान आजारांच्या अभ्यासातूनही दोन रकाने अपुरे ठरत गेले : मधुमेहींच्या जखमेत मॅक्रोफेज दाहक अवस्थेतच रेंगाळल्याने ती भरत नाही, तर दीर्घकाळ चाललेल्या 'शामक' सक्रियनामुळे ऊतींमध्ये तंतू साचून अवयव कडक होऊ शकतो.