गोव्यातली 'पोर्ट' पोर्तुगालचीच का?

"गोव्यात मिळणारी पोर्ट वाइन म्हणजे अस्सल पोर्तुगीज पोर्ट, तीही गोव्याच्याच द्राक्षांची." गोव्याची ट्रिप ठरली की हे कुणीतरी सांगतंच. असं वाटणं साहजिक आहे. नाव तेच, चव गोड, आणि मागे साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट.

आधी द्राक्षं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, हवा कायम दमट. वेलीला हवी कोरडी हवा, नाशिक-सांगलीकडची. किनाऱ्यावर रमतात काजू आणि माड, म्हणून तिथली खरी घरची दारू फेणी. वाइनची द्राक्षं बहुतेक घाटावरून येतात.

अस्सल पोर्ट पोर्तुगालच्या डोरो नदीच्या खोऱ्यातली; तो प्रदेश १७५६ मध्येच आखून दिला गेला. रस अर्धवट आंबला की त्यात द्राक्षाचं कडक स्पिरिट ओततात. रस आंबवणारं यीस्ट मरतं, न आंबलेली साखर तशीच राहते. गोडवा त्यातूनच, आणि अल्कोहोल साधारण १९ ते २२ टक्के. गंमत म्हणजे मळे तिकडेही समुद्रकाठी नाहीत. पिंपं नदीतून होड्यांनी खाली यायची आणि किनाऱ्यालगतच्या पोर्तो शहराकडून जहाजाने पुढे जायची, म्हणून ते नाव.

खात्री करायची तर दुकानात बाटली फिरवून मागचं लेबल वाचा. 'मेड इन इंडिया' दिसेल, अल्कोहोलचा आकडा बहुधा १९ च्या खालीच असेल. घटकांत वरून घातलेली साखरही पाहा. ही वेगळी, स्वस्त, गोड वाइन आहे. बेबिंका या गोव्याच्या गोड पदार्थासोबत मला तरी आवडते.