लोखंडी सापळ्यांची निगा (खान्देश)

उंदीर व घुशी पकडण्याचे लोखंडी चाप आणि तारेचे पिंजरे गंजू नयेत, तसेच जनावर बिचकेल असा वास त्यांना लागू नये, यासाठी केली जाणारी प्रक्रिया व देखभाल. जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे येथे खान्देश म्हणून गृहीत धरले आहेत. तापीकाठच्या केळीच्या बागा, कापूस व धान्याची गोदामे आणि सातपुड्याच्या पायथ्याची शेते अशा तीन वेगळ्या परिस्थितींत सापळे वापरले जातात. लोखंडही तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या रीतीने झिजते.

शब्द व साधने : ‘सापळा’ या शब्दाला मराठीत हाडांचा सांगाडा आणि जनावर पकडण्याचे साधन असे दोन अर्थ आहेत. ‘चौकट, आतून पोकळ आकार’ हा अर्थ मूळ धरला, तर दोन्ही अर्थ त्यातून सरळ निघतात. तसे मानल्यास सापळा हा शब्द आधी पिंजऱ्याचा ठरतो आणि झटक्याने मिटणाऱ्या चापाला तो पुढे लागला असावा. बोलण्यात हा भेद आजही पुष्कळदा पाळला जातो : जिवंत पकडतो तो पिंजरा, दाबून मारतो तो चाप. आमिष ओढताच सुटणारा भाग म्हणजे खटका. फास हा त्याहून वेगळा व जुना प्रकार असून तो दोरी, आतडे किंवा केस यांचा करीत. फासेपारधी या नावातही फासच आहे, लोखंड नाही. म्हणून लोखंडी सापळ्याची निगा ही परंपरागत पारध्यांची विद्या होती, असे सरसकट समजणे योग्य वाटत नाही. तिचा संबंध लोहार, घिसाडी (फिरते लोहार) व कातडे कमावणारे यांच्या कामाशी अधिक जवळचा दिसतो.

गंज व वास यांचा संबंध : सापळ्याचा गंज आणि वास हे दोन निराळे प्रश्न समजले जातात, पण त्यांचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. उघड्या लोखंडाला हात लावल्यावर येणारा ओळखीचा ‘लोखंडी’ वास मुळात लोखंडाचा नसतो. जर्मन रसायनतज्ज्ञ डीट्मार ग्लिंडेमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की घामामुळे धातूच्या पृष्ठावर द्विसंयुजी लोहाचे आयन तयार होतात, ते त्वचेवरील स्निग्ध पदार्थांच्या पेरॉक्साइडांचे विघटन करतात आणि त्यातून उडून जाणारी गंधद्रव्ये निघतात. १-ऑक्टेन-३-ओन हे त्यांतले प्रमुख होय. म्हणजे हा वास माणसाच्याच अंगाचा असून लोखंड त्याला वाट करून देते. घामेजल्या हातांनी मांडलेला उघडा चाप माणसाची खूण धरून ठेवतो. त्याच घामातील क्षारांमुळे तेथेच गंजाचा पहिला ठिपकाही पडतो. लोखंड आणि हात यांच्यामध्ये एक पातळ, निर्गंध थर आला, की दोन्ही गोष्टी एकदमच थांबतात. खाली दिलेल्या सर्व कृतींचे प्रयोजन हेच आहे.

उंदराच्या बाबतीत माणसाच्या वासाला किती महत्त्व द्यावे, हा प्रश्न उरतोच. कोल्ह्याकुत्र्यांच्या कुळातील प्राणी त्या वासाने सावध होतात, हा पाश्चात्त्य सापळेकऱ्यांचा जुना अनुभव आहे. घरातील उंदीर मात्र माणसाच्याच सोबतीने वाढतो. तो बिचकतो तो नव्या वस्तूला. म्हणूनच पिंजरा तीन-चार दिवस खटका न लावता, आत भाकरीचा तुकडा ठेवून उघडा राहू देणे, हा उपाय हात धुण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. परका, उग्र वास हे त्या नवेपणाचेच एक अंग मानावे. आधी पकडलेल्या उंदराचा वास पिंजऱ्याला राहिल्यास पुढचे उंदीर येतात की टाळतात, याविषयी निष्कर्ष एकसारखे नाहीत. बऱ्याच निरीक्षणांत वापरलेला पिंजरा कोऱ्या पिंजऱ्यापेक्षा सरस ठरला आहे. मांजर-मुंगसासारख्या भक्षकाचा वास मात्र उंदीर टाळतात. त्यामुळे प्रत्येक खेपेला पिंजरा घासून लख्ख करण्याचा आग्रह पकडीच्या दृष्टीने आवश्यक नाही. आरोग्याच्या दृष्टीने तो आवश्यक आहे, कारण उंदराच्या मुत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. या दोहोंची सांगड घालायची तर साधा उपाय असा : रबरी हातमोजे घालून उकळते पाणी ओतावे, पिंजरा कडक उन्हात पूर्ण वाळवावा आणि सुगंधी साबण वापरू नये. ब्लिचिंग पावडरचे पाणी जंतू मारते, पण त्यातील क्लोरिनयुक्त द्रव्ये लोखंड व जस्त दोन्ही खातात. ते वापरलेच, तर लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवावे.

खान्देशातील गंज : लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायू दोन्ही लागतात. भुसावळ-जळगावकडील उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या आसपास जातो. त्या कोरड्या हवेत लोखंड जवळजवळ सुरक्षित असते. पावसाळ्यात काळी जमीन ओल धरते, तिच्यात पुरलेला किंवा टेकलेला चाप खालून गंजतो आणि वरून पाहणाऱ्याला ते कळत नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातील परिस्थिती याहून वेगळी आहे. तेथे ठिबक सिंचनामुळे झाडाच्या बुंध्याशी वर्षभर ओल असते. केळीला पालाश भरपूर लागते आणि ते पुष्कळदा म्युरेट ऑफ पोटॅशच्या रूपात दिले जाते. हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. क्लोराइडाचे आयन लोखंडावरील संरक्षक थर भेदून खोल खळगे पाडतात. उंदीर-घुशी ठिबकच्या नळ्या कुरतडतात, म्हणून पिंजरा नेमका नळीजवळ, खताच्या पाण्यातच मांडला जातो. अशा ठिकाणी पिंजरा थेट मातीवर न ठेवता विटेवर किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवणे, हा निगेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. त्यामुळे पत्रा फुटण्याच्या कितीतरी आधी खटक्याची खाच व दाराची बिजागरी भरून अडकते. आमिष खाल्लेले आणि दार उघडेच, हा अनुभव बहुतेक वेळा उंदराच्या चलाखीचा नसून गंजाचा असतो.

साल उकळण्याची रीत व तिचे मूळ : उघड्या लोखंडाचा चाप टॅनिनयुक्त (झाडांच्या साली-फळांतील तुरट द्रव्य असलेल्या) पाण्यात उकळून काळा करणे आणि त्यावर मेणाचा हात देणे, ही या निगेतली मुख्य कृती होय. टॅनिनाची गंजातील लोहाशी क्रिया होऊन निळसर काळे फेरिक टॅनेट तयार होते. हा थर पाण्यात विरघळत नाही, पृष्ठाला चिकटून राहतो आणि लोखंडाची चकाकीही घालवतो. मात्र तो सच्छिद्र असतो. त्यावर मेण नसेल, तर संरक्षण अपुरे राहते.

ही रीत आपल्याकडे कोठून आली, याचा विचार दोन बाजूंनी करता येतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सूअल न्यूहाउस व तो ज्यात राहत होता त्या ओनायडा या धार्मिक समुदायाने पोलादी सापळ्यांचे मोठे उत्पादन सुरू केले. उत्तर अमेरिकेतील सापळेकरी ते सापळे अक्रोडाच्या सालपटांत किंवा मध्य अमेरिकेतील लॉगवुड या झाडाच्या लाकडाच्या रंगात उकळून मग मेणात बुडवीत. इंग्रजी अमदानीतील शिकारी व वनाधिकारी यांच्यामार्फत हे ज्ञान इकडे आले असणे शक्य आहे. दुसऱ्या बाजूने पाहता, टॅनिन व लोह एकत्र आणून काळा रंग साधण्याची विद्या भारतात फार जुनी आहे. हिरडा व हिराकस (लोहाचा एक क्षार) यांची शाई, गुळाच्या पाण्यात लोखंडाचे तुकडे आंबवून केलेला छपाईचा काळा रंग, बाभळीच्या सालीत कमावलेले कातडे ही सगळी तिचीच रूपे होत. मेणाचा हात देण्याची पद्धतशीर कृती कदाचित बाहेरची असेल, पण साल उकळण्यासाठी येथील लोहाराला परक्या पुस्तकाची गरज नव्हती. प्रस्तुत नोंदकाराला दुसरी बाजू अधिक ग्राह्य वाटते.

खान्देशात बाभळीची साल सहज मिळते. तिच्यात साधारण १२ ते २० टक्के टॅनिन असते. हिरड्याच्या फळात ते याहून बरेच जास्त असते. तरवडाची सालही चालते. नव्या चापावर कारखान्यातील यंत्रतेलाचा थर असतो आणि त्यावर टॅनिन बसत नाही. म्हणून तो आधी धुण्याच्या सोड्याच्या किंवा राखेच्या पाण्यात उकळतात. नंतर तो काही दिवस उघड्यावर ठेवून पातळ, एकसारखा गंज चढू देतात. हे विचित्र वाटले, तरी टॅनिनाला धरायला थोडा गंज लागतोच. सुटा पापुद्रा तारेच्या ब्रशने काढून चाप सालीच्या काढ्यात उकळावा आणि काढा निवेपर्यंत त्यातच राहू द्यावा. स्वयंपाकाचे भांडे यासाठी वापरू नये.

मेण मधमाशांचे असल्यास उत्तम. ते ६२ ते ६४° से. ला वितळते. गरम पाण्यावर मेण तरंगवून त्यातून चाप हळू वर काढला, की पातळ थर बसतो. मेण थेट जाळावर वितळवू नये, ते पेट घेते. खटक्याच्या खाचेत साचलेले मेण खरवडून काढावे, नाहीतर खटका घसरून चाप हातातच मिटण्याचा धोका असतो. वैशाखात पत्र्याच्या छपराखाली किंवा उघड्या काळ्या जमिनीवर ठेवलेल्या लोखंडाचे तापमान मेण मऊ करण्याइतके वाढू शकते. मग त्याला धूळ चिकटते. त्यामुळे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास चाप वाळवावेत, पण उन्हात विसरू नयेत.

तारेचे पिंजरे : बाजारातील बहुतेक पिंजऱ्यांना जस्ताचा मुलामा असतो आणि वरील कृती त्यांना मुळीच लागू नाही. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. आम्ल काढ्यात किंवा तीव्र सोड्यात ते विरघळते आणि पुढचा गंज उलट लवकर येतो. पकडीनंतर पिंजरा चुलीच्या जाळावर धरून ‘शुद्ध’ करण्याची सवय तर फारच घातक आहे. जस्त सुमारे ४२०° से. ला वितळते, त्याची वाफ श्वासात गेल्यास ताप येतो आणि मुलामा कायमचा जातो. चाप जाळावर धरल्यास स्प्रिंगचे पाणी (पोलादाला दिलेला कणखरपणा) उतरून तिचा जोर कमी होतो. मुलाम्याच्या पिंजऱ्याला धुणे, वाळवणे आणि बिजागरीवर मेणाचा हात एवढे पुरे.

तेले : शेतीच्या अवजारांना जळके ऑईल फासण्याची सार्वत्रिक सवय सापळ्यांनाही लागू केली जाते. नांगराला ते योग्य आहे. सापळ्याला मात्र महिनोन्‌महिने न जाणारा वास लागतो, शिवाय चिकटलेल्या धुळीने खटका जड होतो. शेंगदाण्याचे तेल न वाळणारे असल्यामुळे चिकट राहते व खवट होते. जवसाचे तेल हवेत वाळून पातळ पापुद्रा धरते. ते चालते, पण वास जाईपर्यंत काही आठवडे थांबावे लागते. बिब्ब्याच्या तेलाने अंगावर फोड येतात, म्हणून ते टाळावे. झिंक फॉस्फाइडसारखी विषे, कीटकनाशके व डिझेल यांच्याजवळ सापळे ठेवू नयेत. गोणपाटात गुंडाळून कोरड्या जागी टांगणे सर्वांत चांगले.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या व्याख्येत सापळ्यात पकडणेही येते, आणि फासे व सापळे ‘शस्त्रां’त मोडतात. पाय पकडणारे दातेरी जबड्याचे सापळे सातपुड्याच्या रानात, तसेच यावल व अनेर धरण अभयारण्यांच्या परिसरात बिबट्या, तरस व रानडुकरांना सारखेच जायबंदी करतात. युरोपीय समुदायाने १९९१ च्या नियमाने त्यांचा वापर रोखला. असा गंजलेला सापळा शेतात किंवा रानात आढळल्यास तो दुरुस्त करू नये. त्याला हात न लावता वनखात्याला कळवावे.